पाच वेबसाईट आणि एक म्हैस

...अन् मिळाले किती, तर वीसपैकी सहा! का? तर खरं लिहिलं म्हणून. खोटं लिहिलं असतं तर अठरा होते, सर तोंडावर म्हणाले मला. तुम्हाला सांगते, मी महेश्वरी, बी.ए. दुसरं वर्ष, कॉलेज धाराशिवला, राहते हॉस्टेलवर, अन् शनिवारी यष्टीनं सास्तूरच्या पलीकडं आमच्या गावाला. भांडखोर न्हाय मी. पण सहा?

सुरुवात केली आमच्या अनिरुद्ध सरांनी. चष्मा कपाळावर सारायचा, खडू हातात फिरवायचा, अन् बोलायचं कसं, "मुलांनो, इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. वेबसाईट उघडली की आधी तीन प्रश्न. कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कशावरून लिहिलं? आणि एकच गोष्ट तीन ठिकाणी सापडली, तरच प्रकल्पात घ्यायची." लई पटलं मला. इतकं पटलं की मेसमधी 'आजची भाजी ताजी' असा बोर्ड दिसला तरी मी विचारायची, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं... मेसवाल्या मावशी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, ते जाऊ द्या.

प्रकल्पाचा विषय घेतला, त्र्याण्णवचा भूकंप अन् जनावरांना लागलेली चाहूल. शोधायला बसते तर काय, समोर आमचंच गाव! 'गुंडाप्पा यांच्या म्हशीने भूकंपाआधी दावे तोडले, रेकून घर जागे केले, अकराच्या अकरा माणसे वाचली.' तीन न्हाय, पाच वेबसाईटवर. एका ठिकाणी तर म्हशीचा फोटोसुद्धा. अन् गुंडाप्पा अज्जा म्हंजे आमच्या घरापासनं तिसरं घर, त्यांच्या कट्ट्यावर खेळून मी मोठी झाले, तरी या म्हशीबद्दल मला कुणी बोललं कसं न्हाय?

शनिवारी गेले. म्हटलं, "अज्जा, म्हशीचं सांगा की."

"तू कुठल्या पेपरची?"

"अवो अज्जा, मी महेश्वरी. शरणबसप्पाची पोरगी."

"मग तुला कशाला खोटं सांगू? म्हैस नव्हतीच. एक शेळी होती, ती माझ्याआधी झोपायची."

आता काय करावं माणसानं? तर त्याचं असं, दर तीस सप्टेंबरला आमच्याकडं पेपरवाले येतात, च्यानलवाले येतात, अन् गाव त्यांना नेऊन बसवतं अज्जांच्या कट्ट्यावर, कारण अज्जा बोलायला मोकळे अन् चहा घरचा. पहिल्या वर्षी अज्जांनी खरं सांगितलं, "म्या लघवीला उठलतो, म्हणून भाईर होतो." कुणी छापलं न्हाय. दुसऱ्या वर्षी तेच सांगितलं, तर लिहिणाऱ्यानं पेन खिशात ठेवला म्हणे. तिसऱ्या वर्षी अज्जांचं डोकं फिरलं, त्यांनी म्हैस काढली, अन् थेट पहिल्या पानावर! म्हंजे बघा, वेबसाईट पाच, नावं पाच, तारखा पाच, अन् पाचांचं मूळ एकाच कट्ट्यावर चहा पीत बसलेलं.

मी पोट धरून हसले. मग सहज विचारलं, "पण अज्जा, अकराच माणसं का?"

अज्जांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "घरात अकरा होतो. दहा निघालो. शिवकांता न्हाय निघाली. म्हशीच्या गोष्टीत निघती."

शिवकांता म्हंजे त्यांची बायको. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. विचारलं, मग मी काय लिहू? तर म्हणाले, "खरं लिही. शिकायला घातलंय तुला."

लिहिलं. शेळीसकट लिहिलं. सर म्हणाले, "महेश्वरी, पाच वेबसाईट एक सांगतात, आणि तू एकटा म्हातारा घेऊन आलीस?"

"सर, त्या पाचांचा म्हातारा हाच हाय."

"लिंक आहे का?"

"लिंक न्हाय सर, घर हाय. यष्टीनं चला."

वर्ग हसला, सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "म्हशीचं घालून आण, अठरा देतो." म्हटलं, न्हाय घालत. तुम्हीच फळ्यावर लिहिलं ना सर, कशावरून लिहिलं? त्याचे हे सहा.

पण मी ऐकते व्हय? लिंक पायजे ना, घ्या लिंक. ब्लॉग काढला. माझं नाव, तारीख, 'स्वतः विचारून लिहिले', तिन्ही उत्तरं वरच टाकली. गेल्या आठवड्यात सरांनी भर वर्गात मोबाईल काढला, तपासू म्हणाले. हल्ली विचारलं की वर तयार उत्तरच येतंय ना, कुठनं कुठनं गोळा केलेलं? सरांनी ते मोठ्यांदा वाचलं. 'गुंडाप्पा यांची म्हैस लघवीसाठी उठली. तिच्या आवाजाने घर जागे झाले आणि पत्नी शिवकांता यांच्यासह अकराही जण बचावले.' अन् खाली आधार म्हणून कुणाचं नाव? माझं!

त्याच्याखाली 'चूक कळवा' असं बटण होतं. दाबणारच होते. म्हटलं, आधी अज्जांच्या कानावर घालू. शनिवारी गावी गेले अन् माझ्या मोबाईलवर वाचून दाखवलं. अज्जा म्हणाले, "म्हशीला कशाला लघवीला उठवलं?" म्हटलं, काढायला लावते अज्जा, समदंच काढायला लावते. तर म्हणाले, "थांब. शिवकांताचं काय म्हणतंय ते परत वाच."

तीनदा वाचलं.

आता विचारा मला, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं... सरांपुढं मी हटले न्हाय, सहा घेतले, आता दिले तरी अठरा घेणार न्हाय. पण ते बटण काय अजून माझ्याच्यानं दाबवेना.