वाटणी आणि नक्कल

कर्जतला खोपोलीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे कारखान्यातला एक कारकून आणि त्याची काकी उभी होती.

"गजा, तोंड का रं उतरलंय?"

"काकी, हापिसातला कॉम्प्युटर बिघडला. चारशे कामगारांच्या हजेऱ्या गेल्या. आज साहेब मला काढणार."

"दुसरीकडं उतरवून नाय ठेवल्यास?"

"ठेवल्या ना. आतल्या डिस्कची वाटणी करून दोन भाग केले. एकात हजेऱ्या, दुसऱ्यात नक्कल."

"मंग?"

"डिस्कच गेली. दोनी भाग बसले. मला वाटलं, वाटणी झाली म्हंजे घरं दोन झाली."

"तुज्या बापाची नि आमची वाटणी झाली तवा मदी कूड घातला. छप्पर एकच ऱ्हायलं. गळतं दोगांकडं."

"हे साहेबाला कसं सांगू?"

"असंच सांग. त्याला भाऊ आसंल तर समजंल."