न सांगता निघालेले पाहुणे

फोनवर माणसं भेटतात, हे मला कोणी शिकवू नका. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा ठाण्याला राहणाऱ्या माझ्या लेकीनं, सुनंदानं, सगळ्या भावकीचा ग्रुप केला आणि मलाही त्यात घातलं. मी तिसरी शिकलेला. एकेक अक्षर शोधत "जेवला का?" लिहायचो, तर पंचवीस जण उत्तर द्यायचे. साखरशेतच्या घरात मी एकटाच, पण महिनाभर घरापुढची ओटी माणसांनी भरल्यासारखी वाटली.

लग्न उरकलं. मग फोनवर ओळी यायला लागल्या, अमका बाहेर पडला, तमका बाहेर पडला. मी दर वेळी लिहिलं, "गाढवा, 'येतो' म्हणायची रीत नाही का? पाणी तरी पिऊन जायचं!" एकाचंही उत्तर नाही.

परवा सुनंदाचा फोन आला. "बाबा, बाहेर पडलेल्यांना तुमचं लिहिलेलं दिसत नाही. आता ग्रुपात तुम्ही एकटेच आहात."

"आणि तू?"

"मी आत्ताच निघाले."

"न सांगताच?"

ती म्हणाली, "काम झालं ना बाबा. तुम्हीपण पडा बाहेर."

म्हटलं, "अगं, मीही निघालो आणि कोणी परत आलं, तर दार कोण उघडेल?"