कमरेएवढं पाणी

अरे, आमच्या फरीदाबादच्या स्विमिंग पूलचं सांगितलंच नाही मी तुम्हाला! घरामागचा खड्डा कमरेएवढा झाला आणि आमचा बिहारचा मिस्त्री रामधनी थांबलाच. "नीचे पत्थर है, साहब." मी चिडलो, भांडलो, पण गडी ढिम्म! शेवटी तेवढ्यावरच टाइल्स बसवल्या.

गळती बघायला पाणी भरलं, तर दुसऱ्याच संध्याकाळी रामधनी सहकुटुंब दारात. डोक्यावर फळांची टोपली, हातात ऊस. "साहब, आज छठ है."

छठला पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य देतात. सगळे उतरले. पाणी बरोबर कमरेपर्यंत!

मला हसू आवरेना. काठावरून विचारलं, "रामधनी, नीचे सचमुच पत्थर है?"

त्याने मावळत्या सूर्याकडे बघत कान पकडले. "आज झूठ नहीं बोलूँगा, साहब."