मीच माझा सासरा

फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या शुवैखच्या एका गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल बदलून घेत होतो. बरोबर माझी मुलगी ईरा होती. तिची आई ओल्गा गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून ईराला आईकडची माणसं शोधायची आहेत. ओल्गाचे वडील युक्रेनच्या सीमेवरच्या एका गावचे. गाव जागच्या जागी राहिलं, राज्यं बदलत गेली. वडील तरुणपणी बाहेर पडले आणि संबंध तुटले. मी तिथल्या दप्तरखान्यातल्या बाईंना मोठ्या ऐटीत बायकोचं पूर्ण नाव कळवलं होतं: ओल्गा सुरेश जोशी.

"हंगेरियन, चेक, रशियन, सगळी दप्तरं उपसली," बाई वैतागून म्हणाल्या. "तिचे वडील सुरेश जोशी कुठेच नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा नक्की आमच्याच चर्चमध्ये झाला ना?"

"सुरेश मी आहे. नवरा."

"मग वडिलांच्या जागी तुमचं नाव कशाला?"

"आमच्याकडे लग्नानंतर नवऱ्याचंच लावतात."

फोन स्पीकरवर होता. इकडे ईराला हसू आवरेना. "बाबा, दॅट मेक्स यू माय आजोबा!"

मी निमूटपणे सासऱ्यांचं खरं नाव सांगितलं. आठवड्याभरात बाईंचा पुन्हा फोन आला. आता आवाजात आनंद होता. ओल्गाची सख्खी आत्या सापडली होती, त्याच गावात. भाचीचं नाव ऐकून म्हातारी रडली म्हणे, आणि तिने एवढंच विचारलं, "ओल्गा कधी येतेय?"