उतरवा म्हणणारा माणूस

आमच्या घराण्यात तीन पिढ्यात सरकारचा लाभार्थी कुणी झाला न्हाई, हे आधी लिहून घ्या. आज्यानं कधी हात पसरला न्हाई, बापानं पसरला न्हाई, मी बी पसरला न्हाई. आता ही आमची मंडळी आतून म्हणायलीय, मंग गॅस कुणी दिला. तो तिच्या नावावर हाय. ते घराण्यात धरू नका.

आमी मूळचे वालूरचेच. धंदा मांडवाचा. आजा मोगलाईत शामियाने लावायचा. तहसीलदाराचा दौरा निघाला की हुकूम यायचा, मंग आजा बैलगाडीत बांबू अन् कनाती घालून आगोदर पोचायचा, शामियाना उभा करायचा, अन् पैशाचं नाव काढलं की शिपाई म्हणायचा, साहेबाची सावली पडली तुझ्या कनातीवर, अजून काय पायजे तुला. पुढं निजाम गेला, आपलं राज्य आलं, लय सुधारणा झाली. आता सरकार आपल्याकडून बिल मागून घेतंय. देतंय कवा ते पुढं सांगतो.

बापानं मला धंदा शिकवला तो काय कागदावर न्हाई शिकवला. गाठ मारून दाखवायचा. म्हणायचा, मांडवात निरगाठ मारायची न्हाई, सरगाठ मारायची. वारं सुटलं तरी सुटू नये अन् आपण एक टोक ओढलं की सगळं मोकळं. अन् दुसरं म्हणायचा, ज्याचा मांडव त्यानंच उतरवा म्हणायचं. लग्न होऊ दे, सप्ता होऊ दे, यजमान सकाळी येतो, नारळ देतो, म्हणतो उतरवा आता. त्यानं म्हणल्याबिगर एक खिळा काढायचा न्हाई, लय मोठा अपशकुन. एकदा एका घरी नवरी वाटं लावून सगळे रडून झोपले अन् उतरवा म्हणायला कुणी उठंना, तर बाप दुपारपर्यंत दारात बसून राहिला उपाशी. असा नेम. ह्या नेमानं आमचं आजवर भलंच झालं. एक खेप सोडून.

आता टॅक्सचं सांगतो. मी टॅक्स चुकवणारा माणूस न्हाई. रस्ता पायजे, पोलीस पायजे, कोर्ट पायजे, त्याला पैसा लागतो, मला कळतंय. पण सरकारी कार्यक्रमाला मांडव घातला की मी बिल देतो, अन् बिल दिलं की त्याच्यावरचा जीएसटी मी पुढच्या महिन्यात भरायचा. पैसे आले का न्हाई, कुणी विचारत न्हाई. म्हणजे बघा, देणार सरकार, दिलं न्हाई सरकारनं, अन् न दिलेल्या पैशावरचा टॅक्स वसूल करणार बी सरकार, उशीर झाला की दंड मला. शेतकऱ्याच्या घरचं लग्न असलं तर तो सुगीवर देतो म्हणतो अन् सुगीवर देतो. त्याला कुठला कायदा लागत न्हाई, त्याला गावात तोंड दाखवायचं असतंय. सरकारला तोंड कुठं हाय? नुसतं टेबल हाय.

कामाला माणूस मिळंना म्हणून मी बेजार होतो. गावातली निम्मी पोरं पुण्याला कंपनीत, निम्मी परभणीत खोली करून सरकारी परीक्षेचा अभ्यास करायलेत. एक पोरगं मला म्हणलं, काका, बांबूवर चढण्यापरीस शिपायाची नोकरी बरी. मी म्हणलं, बाबा, सगळेच शिपाई झाले तर साहेबासाठी मांडव कोण घालंल? तवा सेलूच्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला अन् तिथला एक बिहारी माणूस माझ्याकडं आला, रामबिलास म्हणून. त्याला कुणी योजना काढून आणला न्हाई. माझ्याकडं काम होतं, त्याच्याकडं हात होते, झाला सौदा. आता सात-आठ वर्षं झाली, मराठी बोलतो आपल्यासारखी, रागावला की तेवढा हिंदी बोलतो.

एक पुढारी आलता, माझ्याच स्टेजवर उभा राहून म्हणायला लागला, बाहेरचे लोक येऊन आपल्या पोरायच्या तोंडचा घास पळवायलेत. लोकायनी टाळ्या वाजवल्या. काय सांगू तुम्हाला, त्या वेळेला स्टेजखाली एक बल्ली खचलती अन् रामबिलास ती खांद्यावर धरून बसलता, भाषण संपेपर्यंत. हालला असता तर पुढारी खाली आला असता, घासासकट.

पण मी सगळी दारं उघडी टाका म्हणणारा बी न्हाई. माझा मेव्हणा आखातात गेलता वेल्डिंगला. कागद, शिक्का, डॉक्टरची तपासणी, काम संपलं की परत. त्यानं कधी कुरकुर केली न्हाई. म्हणायचा, त्यायचं घर हाय, त्यायनी विचारलंच पायजे. तसंच आपलं. देशाच्या दाराला कडी पायजे, येणाऱ्यानं वाजवून यावं, चोरवाटेनं आलेला परत धाडावा. पण एकाच घरात ह्या खोलीतून त्या खोलीत जाणाऱ्याला कशाला अडवायलात?

बरं, ती खेप सांगायची राहिली. आमची शीतल, एकुलती एक पोरगी, तिचं लग्न ठरलं. तिच्या आईला नोकरदार जावई पायजे होता. मी पिंगळीचा बघितला, मोटारी भरायचं दुकान हाय त्याचं, विहिरीवरच्या मोटारी. मी म्हणलं, ह्याच्याकडं गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंय, हा पगारी माणसापरीस बरा. लग्नाच्या आगोदर पंधरवड्यात तालुक्याहून हुकूम आला, बाजारतळावर लाभार्थी मेळावा हाय, मोठे पाव्हणे येणार, सगळ्यात मोठा मांडव पायजे. मी म्हणलं, मेळावा आधी हाय, लग्न नंतर हाय, होऊन जाईल. लोखंडी पाइप, पत्रे, गालिचे, सोफे, जेवढं होतं नव्हतं तेवढं सगळं तिथं लावलं. दारावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स, स्टेजवर तसलाच दुसरा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी फोन आला, मेळावा पुढं गेला.

मी तालुक्याच्या साहेबाकडं गेलो. म्हणलं, साहेब, मेळावा कवा? म्हणले, तारीख वरून यायचीय. म्हणलं, मंग मांडव उतरवू का? म्हणले, तसा आदेश न्हाई. म्हणलं, मंग ठेवू का? म्हणले, तसा बी आदेश न्हाई. मी म्हणलं, साहेब, तुमी नुसतं तोंडानं उतरवा म्हणा, माझ्या घरी लग्न हाय. ते चहा पाजून म्हणले, काका, मी म्हणालो अन् उद्या वरून तारीख आली तर? वरच्या साहेबाकडं गेलो, ते म्हणले खालच्यायनी प्रस्ताव पाठवावा. मी रोज जायचो, रोज चहा. एवढ्या मोठ्या इमारतीत उतरवा म्हणणारा एक माणूस सापडंना.

घरात हिनं बोलून बोलून मला नको केलं. मांडववाल्याच्या पोरीचं लग्न अन् दारात चार बांबूची मेढ, व्याही काय म्हणतील. सेलूहून दुसऱ्याचा मांडव आणा म्हणाली. लग्नसराईत कुठला मिळतोय, अन् मिळाला असता तरी मी आणला नसता. शीतल मात्र एवढंच म्हणाली, दादा, सगळ्या गावाच्या पोरी तुमच्या मांडवातून गेल्या.

तवा रामबिलास चिडून हिंदीत म्हणला, मालिक, बाँस अपना, रस्सी अपनी, लड़की अपनी, और किसका मंडप चाहिए?

मी परत साहेबाकडं. म्हणलं, मांडव उतरवत न्हाई, त्याच्याखाली लग्न लावतो. साहेब उठले, दार लोटून आले. म्हणले, परवानगी मला देता येत न्हाई, नाकारता बी येत न्हाई. त्या दिवशी मी रजेवर हाय. फक्त फ्लेक्सला हात लावू नका.

झालं लग्न. तसं लग्न वालुरात झालं न्हाई. व्याही पाव्हण्यायच्या सोफ्यावर बसले, पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर जावई. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर रामबिलास अन् चार माणसं खांबाला टेकून उभी. रामबिलास हसायला लागला. म्हणला, मालिक, यजमान कोण हाय आता? तवा मपल्या टाळक्यात उजेड पडला. घरी जाऊन नारळ आणला, फोडला, अन् जन्मात पहिल्यांदा मपल्याच माणसायला मी म्हणलं, उतरवा. एकेक टोक ओढलं, सगळं मोकळं झालं.

सरकारला ते कळलंच न्हाई. मेळावा पुढं झालाच न्हाई. ते साहेब बदलून गेले, नवीन आले ते म्हणतात, मेळावा झाला न्हाई तर मांडव कशाचा? बिल तसंच हाय. टॅक्स मी तवाच भरलाय. जाऊ द्या, पोरगी सुखात हाय पिंगळीला, जावयाला दुकानाला माणूस पुरंना, देव त्यायला असंच ठेवो अन् ऑफिसची पायरी न चढवो.

जाता जाता भिंतीवरचा फोटो बघा. शीतल, जावई, व्याही, आमी दोघं, कडंला रामबिलास. मागं वर लिहिलंय ते वाचा. लाभार्थ्यांचे हार्दिक स्वागत. सगळ्या फोटोत तेच हाय. फोटोवाला म्हणला, काका, अक्षरं पुसून देतो, पण त्याचे पैसे निराळे, वर जीएसटी. म्हणलं, राहू दे.