राखून ठेवलेल्या ओळी

गिट्ल : तिथेच थांबा, हर्शलशेठ! बूट दाराबाहेर. सकाळपासून आम्ही दोघी बहिणी गुडघे टेकून घर घासतोय. उद्या रात्री वल्हांडण, घरात खमिराचा कणही चालत नाही, आणि तुमच्या खिशात कायम बिस्किटांचा चुरा.

हर्शल : खिसे झाडूनच आलोय, गिट्ल. वहिनी, जरा वेळ आहे का?

फ्रूमेट : बसा, भाऊजी. चहा मात्र मिळायचा नाही, सगळी भांडी उकळायला टाकलीत.

हर्शल : चहा कसला घेऊन बसलात! माझ्या तोंडचं पाणी पळालंय. रब्बाय लेकीच्या बाळंतपणाला मिनियापोलिसला गेले आणि तिथेच अडकले. एप्रिल उजाडला तरी हा मेला बर्फ! रस्ता बंद. उद्या सकाळी काही ते पोचत नाहीत.

गिट्ल : मग एक दिवस तुम्ही चालवा प्रार्थना. एरवी सिनेगॉगात सगळ्यांना दटावत फिरता की.

हर्शल : प्रार्थनेचं नाही गं. थोरल्यांच्या उपासाचं.

गिट्ल : अगंबाई! म्हणजे आता खरंच उपाशी राहावं लागणार? दरवर्षी रब्बाय त्या सकाळी त्या गमारा नावाच्या धर्मग्रंथाचा एखादा खंड वाचून संपवतात, समाप्तीची मेजवानी म्हणून तुम्ही घरोघरचे थोरले मुलगे मासे आणि केक हाणता, की झाला उपास माफ!

हर्शल : हसा, हसा. सोळा थोरले आहोत आम्ही डुलुथमध्ये. दुपार झाली की माझं तर डोकं धरतं. वहिनी, तुमचा तो खंड अजून तसाच आहे ना? संपत आलेला?

फ्रूमेट : आहे. शेवटच्या ओळी राखून ठेवल्यात.

हर्शल : वा! म्हणजे माल तयार आहे.

फ्रूमेट : हिवाळ्यापासून तयार आहे. झेलिगच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी तुमच्या दुकानात आले होते. मला नव्या सोफ्यावर बसवलंत, वरचं प्लॅस्टिकही काढलं नाहीत. मी म्हटलं, दहा पुरुष द्या. मी समाप्ती करते, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, समाप्तीचं मोठं कडिश, त्याच्या नावाने म्हणता येईल. दहांशिवाय ते होत नाही.

हर्शल : वहिनी, त्या रविवारी खरंच—

फ्रूमेट : त्या रविवारी सगळे तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत होते. आणि तुम्ही म्हणालात, बाईच्या गमाराला कोण येणार?

गिट्ल : वर एक मासा पाठवून दिलात. डोक्यासकट.

हर्शल : झालं गेलं, त्याचं आता काय! उद्या दहा सोडा, सोळा आणतो. झेलिगचं नाव मोठ्याने घेऊ.

फ्रूमेट : सोळा? आणि कडिश कोण म्हणेल? ते मुलाने म्हणायचं, आणि आम्हा नवराबायकोला मूल नाही.

हर्शल : मी म्हणेन की. मित्र होता माझा.

फ्रूमेट : मी बायकांच्या पडद्यामागे उभी राहीन, भाऊजी. तिथूनच वाचेन. माझं तोंडसुद्धा कोणाला दिसायला नको. गिट्ल, माझा निळा ड्रेस कुठल्या खोक्यात गेला गं?

गिट्ल : ताई, रडतेस?

फ्रूमेट : सोड्याने डोळे चुरचुरताहेत.

हर्शल : वहिनी, पडद्यामागेही नको. म्हणजे या, अवश्य या, पण वाचेल मिल्टन.

फ्रूमेट : मिल्टन? दातांचा डॉक्टर?

हर्शल : अक्षरं छान लागतात त्याला. ओळी तर थोड्याच आहेत. चारला येतो म्हणालाय, तुम्ही त्याच्याकडून घोकून घ्या.

गिट्ल : बोलावूनसुद्धा ठेवलंत? आणि लोकांना काय सांगणार?

हर्शल : मिल्टनने खंड संपवला. कोण विचारतंय!

फ्रूमेट : मिल्टनने पहिलं पान तरी उघडलंय का? ज्याने खंड वाचला, समाप्ती त्याची. नाहीतर ती समाप्ती नव्हे, नुसती न्याहारी. सोळा जण उपासाच्या दिवशी पोटभर खातील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही.

हर्शल : मी रब्बायना फोन केला होता. ते म्हणाले, बाईच्या समाप्तीने पुरुषांचा उपास सुटतो का, यावर दोन मतं आहेत.

फ्रूमेट : दोन्ही मला माहीत आहेत. सुटतो म्हणणारेही काही लहानसहान माणसं नाहीत. कुठलं धरा म्हणाले?

हर्शल : काही नाही. मी तिथे नाही, तुमचं तुम्ही बघा, म्हणाले.

फ्रूमेट : मिल्टनचं सांगितलंत त्यांना?

हर्शल : ते कशाला सांगू?

फ्रूमेट : म्हणजे ही अक्कल तुमची.

हर्शल : मग काय करू? बाईच्या जिवावर जेवलो म्हटल्यावर मला गावात तोंड दाखवायला जागा राहील का? मिल्टनच्या नावावर सगळं बिनबोभाट होईल. आमचं काम होतंय, झेलिगचं कडिश होतंय. सौदा वाईट नाही, वहिनी.

गिट्ल : ताई, ऐक माझं. हा माणूस मला आवडत नाही, त्याच्या तोंडावर सांगते. पण झेलिगरावांचं कडिश होतंय ना? तुझ्या डोक्यातलं तो मिल्टन काय उपटून नेणार आहे? हो म्हणून टाक.

फ्रूमेट : गिट्ल, झेलिगचे डोळे गेल्यावर मी वाचायची आणि तो अर्थ सांगायचा. चुकले की पलंगावर बोट आपटायचा. एकदा मी दमले होते, दोन ओळी गाळल्या. बोट नाही आपटलं. पान उलटल्यावर म्हणाला, गाळलेल्या ओळी उद्या वाचशील ना? खंड अर्धा झाला आणि गेला. पुढचं मी एकटीने वाचलं, चुकले तर बोट आपटायला कोणी नव्हतं. त्याच्या नावाने मी मिल्टनला उभा करू?

हर्शल : तो असता तर त्याने समजून घेतलं असतं.

फ्रूमेट : तो असता तर तुम्ही त्याच्याकडेच गेला असतात, भाऊजी. त्याला पडद्यामागे कोणी ठेवलं नसतं. शेवटचं विचारते. मी वाचेन, माझ्या आवाजात. आणता दहा जण?

हर्शल : मला अडचणीत टाकू नका हो.

फ्रूमेट : बरं. गिट्ल, हात पूस आणि ते पुस्तक इकडे दे.

(फ्रूमेट उभी राहून शेवटच्या ओळी मोठ्याने वाचू लागते.)

हर्शल : वहिनी! अहो, थांबा! उद्यापुरती एक तरी ओळ ठेवा!

गिट्ल : गप्प बसा. ती वाचतेय.

हर्शल : एकच ओळ हो!

फ्रूमेट : संपलं.

गिट्ल : आता आमेन म्हणायचं असतं का? मला यातलं काही कळत नाही.

फ्रूमेट : म्हण.

गिट्ल : आमेन.

हर्शल : काय केलंत हे! रागाच्या भरात नवऱ्याचं कडिश घालवलंत!

फ्रूमेट : घालवलं. काय घालवलं ते मला कळतंय, तुम्ही नका सांगू.

हर्शल : आणि उद्या आम्ही काय करायचं?

फ्रूमेट : उपास. डोकं फारच धरलं तर थोडं खा, आजाऱ्याला सूट आहे. नियम पक्का आहे, माझं नाव नका सांगू म्हणजे झालं.

हर्शल : येतो मी.

गिट्ल : दार नीट ओढा, बर्फ आत येतोय! ...गेला एकदाचा. ताई, तू वाचलंस तेव्हा आम्ही होतो की समोर. ते काहीच धरत नाहीत का?

फ्रूमेट : दहा म्हणजे दहा पुरुष, गिट्ल. तू धरली जात नाहीस, मी धरली जात नाही. या स्वयंपाकघरात धरण्याजोगा एकच होता.

गिट्ल : तो तर आमेनसुद्धा म्हणाला नाही.