कालच्यासारखंच

— आणि जरा मोठ्यानं बोला, नझरशो बोबो, खिडकीखाली नदी आहे, इथं शेजारच्याचं ऐकू येत नाही! ही गप्प झाली तर वर पाणी तुंबलं समजायचं, सरळ डोंगर चढायचा, आई म्हणायची — कसली गप्प होते ही! शीरचाय घ्या, पाव बुडवा. सरोवरावरून गाढव दामटत खाली यायची काय गरज होती? सरोवराच्या बांधाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा रंग तुम्ही रोज फोनवर सांगता, मी रोज लिहिते — नितळ, दुधी, गढूळ. हे बघा, याला टर्मिनल म्हणतात. एक ओळ लिहिली की कुठला शब्द कितीदा आला ते मोजतो, पुढं तेवढे तारे काढतो. नितळ बावन्न, दुधी सतरा, गढूळ — एक! एकच, आणि तुमचं तोंड बघा केवढंसं झालंय. दर सोमवारी हाच तक्ता साहेबांकडे जातो, साहेब खूश.

हा लांब पट्टा? तो 'कालच्यासारखंच'. एकतीस. तुमचाच शब्द की — म्हणजे, माझा. मीच म्हटलं होतं, रोज तेच काय सांगता, बदल नसेल तर तेवढंच म्हणा, माझं लिहिणं वाचेल. आणि पुढं बोलायला लागलात की — हो, ठेवायचे मी फोन. बदल नाही म्हणजे बरंच ना? — असे बघू नका. थांबा, तारखेनं लावते. कालच्यासारखंच, कालच्यासारखंच — अजून वर — आणि त्या सगळ्यांच्या आधी —

गढूळ. तो एक. म्हणजे एकतीस दिवस — अरे देवा — बांध आतून खचल्याशिवाय पाणी एवढे दिवस गढूळ राहत नाही, मला शाळेपासून पाठ आहे हे! आणि मी काय कळवलं? बदल नाही. त्यावरच साहेबांनी खाली नदीकाठावर तंबू लावू दिले, जर्दाळू वाळवायला अख्खं गाव उतरलंय तिथं. माझी झुल्फिमो आहे, आजीपाशी, सात वर्षांची — मीच पाठवली, हा तक्ता बघून. फोन लागत नाहीये, बोबो, मला फार भीती वाटतेय. तुम्ही उठा, साहेबांची गाडी घ्या, भोंगा वाजवत जा, सगळ्यांना वर चढवा. जा म्हणते ना — आणि ओरडताय कशाला, येतंय ऐकू, नीट ऐकू येतंय मला —

ऐकू येतंय.

बोबो, नदी —